टपावरचे १२६ किलो : सेमाडोहच्या घाटात सरकलेल्या कॅरिअरचे प्रकरण

गेल्या डिसेंबरमध्ये नागपूरहून मेळघाटात निघालेल्या आमच्या गाडीचे टपावरचे कॅरिअर परतवाडा ते सेमाडोह या घाटरस्त्यावर, घटांग मागे पडल्यानंतरच्या एका डाव्या-उजव्या वळणावर, जागचे सुमारे चार सेंटिमीटर सरकले. कोणालाही इजा झाली नाही आणि सामानातली एकही वस्तू रस्त्यावर पडली नाही. मागून येणारा दुचाकीस्वार त्या वेळी गाडीपासून वीसेक मीटरवर होता, आणि टपावर एकोणतीस किलोंची स्टेपनी होती. या दोन गोष्टी एकत्र आठवल्या की आजही अंगावर काटा येतो. त्या पहाटे सामान चढवणारा आणि पट्टे आवळणारा मीच होतो, म्हणून हे प्रकरण तपासून लिहून काढण्याची जबाबदारीही मी माझीच मानली.

गाडी आमच्या लहानशा गटाची आहे. वर्षातून चार-पाच वेळा आम्ही मेळघाटातील कोरकू आदिवासींच्या वस्त्यांवर नेत्रतपासणीसाठी जातो. तपासणीची उपकरणे, चष्म्यांच्या पेट्या, पाच माणसे, दोन मुक्कामांचे सामान आणि पाणी असा पसारा असतो. गाडी चार बाय चार, डिझेलवर चालणारी, लॅडर फ्रेमवर, म्हणजे शिडीसारख्या पोलादी सांगाड्यावर, बांधलेली आणि टपाच्या दोन्ही कडांना पन्हळ असलेली जुन्या धाटणीची आहे. या पन्हळीला आमच्याकडचे मिस्त्री ‘गटर’ म्हणतात. कॅरिअर नागपुरातच एका वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी अँगलचे करून घेतलेले होते. ते करून देताना कारागिराने दोन माणसांना त्यावर उभे केले आणि म्हटले, “बघा सर, वाकते का कुठे? चारशे किलो टाका, काही होत नाही याला.” आमची खात्री पटली. आमच्या चुकीची सुरुवात याच खात्रीपासून झाली, म्हणून ती आधी सांगतो.

अंगणात उभ्या असलेल्या गाडीच्या कॅरिअरवर दोन माणसे उभी राहिली, तर त्यातून एवढेच कळते की कॅरिअरचे लोखंड मजबूत आहे. चालत्या गाडीत प्रश्न लोखंडाचा नसतो. टपाचा, पन्हळीचा आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या पकडींचा असतो. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत टपावरच्या भाराची जी मर्यादा दिलेली असते, ती चालत्या गाडीची असते आणि कॅरिअरचे स्वतःचे वजन तिच्यातच धरायचे असते. गाडी उभी असताना टप याच्या कितीतरी पट भार सोसते, आणि म्हणूनच टपावरच्या तंबूत दोन माणसे निर्धास्त झोपू शकतात. गाडी खड्ड्यात आपटली की क्षणभर प्रत्येक किलो दोन किलोंसारखा, कधी त्याहूनही अधिक, खाली दाबतो आणि लगेच वर उसळतो. वळणावर तेच वजन बाजूला ओढते. आमच्या गाडीच्या पुस्तिकेत ही मर्यादा ७५ किलो आहे. पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यातच होती, आणि सहा वर्षांत ते पान आमच्यापैकी कोणी उघडले नव्हते.

परतल्यानंतर दुसऱ्या दिवशी आम्ही सामान जसेच्या तसे ठेवून गाडी अमरावती रोडवर वाडीच्या एका धरमकाट्यावर नेली. पाचही जण नेहमीच्या जागी बसलो. काट्यावर २,२४० किलो दिसले. गाडीचे परवानगी असलेले एकूण वजन २,२०० किलो आहे, म्हणजे टपाचा विचार न करताही आम्ही ४० किलोंनी जास्त भरलेले होतो. नंतर घरी टपावरची प्रत्येक वस्तू उतरवून तराजूवर ठेवली. लोखंडी कॅरिअर ४२ किलो, स्टेपनी २९, डिझेलचा भरलेला पत्र्याचा डबा २१, पाण्याचा वीस लिटरचा डबा २१, तंबू आणि ताडपत्री मिळून १३. बेरीज १२६ किलो.

सामान चढवताना मला कोणी विचारले असते, तर मी प्रामाणिकपणे “साठ-सत्तर किलो असेल” असे सांगितले असते. कॅरिअरचे वजन मी धरलेच नसते, आणि स्टेपनी ही गाडीचाच भाग असल्याने तिचाही हिशेब केला नसता. स्टेपनी वर कशी गेली, याचीही एक कथा आहे. ती मुळात मागच्या दारावर होती; दोन वर्षांपूर्वी दाराच्या ब्रॅकेटला तडा गेला, तेव्हा एका खेपेपुरती म्हणून ती टपावर चढवली आणि पुढे तिथेच राहिली. तात्पुरत्या सोयी अशाच कायमच्या होतात, आणि टपावरच्या सोयीची किंमत खाली ठेवलेल्या सोयीपेक्षा फार मोठी असते.

ती किंमत आकड्यांत मांडून पाहिली. टपावरचा भार वगळून माणसांसह गाडी २,११४ किलो होती. या अवस्थेत तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर आहे असे गृहीत धरले आणि टपावरचे १२६ किलो १९५ सेंटिमीटर उंचीवर मानले, तर एकत्रित गुरुत्वमध्य सुमारे ८१.७ सेंटिमीटरवर जातो. पावणेसात सेंटिमीटरचा हा फरक दिसायला किरकोळ आहे. पण गाडी कलंडण्याची प्रवृत्ती मोजण्याचे साधे माप म्हणजे दोन चाकांमधल्या रुंदीला गुरुत्वमध्याच्या दुप्पट उंचीने भागणे. आमची चाकांची रुंदी १४४ सेंटिमीटर धरली, तर हे माप ०.९६ वरून ०.८८ वर उतरते. हे गणित गाडी दगडासारखी ताठ आहे असे मानून केलेले आहे. खऱ्या गाडीत स्प्रिंगा दबतात, टायर झुकतात आणि आतले सामान सरकते, म्हणून प्रत्यक्षातली अवस्था याहून वाईट असते. चालकाने त्या वळणाचे वर्णन “गाडी वळली आणि मग परत एकदा वळली” असे केले होते. पहिले वळण चाकांचे होते. दुसरे म्हणजे टपावरच्या वजनाचा उशिरा आलेला झोका होता.

आता प्रत्यक्ष काय सुटले, ते पाहू. कॅरिअरला सहा पाय होते, प्रत्येक बाजूला तीन, आणि प्रत्येक पाय पन्हळीला एका लोखंडी पट्टीने व एका बोल्टने आवळलेला होता. पट्टीखाली रबर नव्हते. लोखंडावर लोखंड बसलेले होते. बोल्टना साधे नट होते, तेही लॉक-वॉशरशिवाय, म्हणजे नट सैल होऊ न देणाऱ्या चकतीशिवाय. सर्वांत जड वस्तू, म्हणजे स्टेपनी आणि दोन्ही डबे, आम्ही मागच्या अर्ध्या भागात ठेवल्या होत्या, कारण मागच्या शिडीवरून त्या चढवणे सोपे जाते. त्यामुळे मागच्या दोन पायांवर ताण सर्वाधिक आला. उजव्या मागच्या पायाचा नट साडेतीन आटे सैल निघाला, आणि डाव्या मागच्या पायाखालची पन्हळ बाहेरच्या बाजूला वाकली होती. मिस्त्रीने तिथला रंग स्क्रूड्रायव्हरने खरवडला, तेव्हा पट्टीखाली रंगाचा एक फुगवटा फुटला आणि अंगठ्याच्या नखाएवढी गंजाची खपली सुटून आली. दोन पावसाळ्यांत तिथे पाणी मुरत राहिले होते. पकड एका बाजूला सैल आणि दुसऱ्या बाजूला गंजक्या पत्र्यावर, अशी ती चौकट वळणावर सरकली.

पट्ट्याची गोष्टही याच जातीची निघाली. स्टेपनीवरून घेतलेला २५ मिलिमीटर रुंदीचा रॅचेट पट्टा, म्हणजे दात्यांच्या खटक्याने आवळायचा कापडी पट्टा, अँगलच्या धारेवरून गेला होता. त्याचे ११ मिलिमीटर कापले गेले होते, आणि कापलेल्या जागी धागे कापसासारखे फुलले होते. मी हा पट्टा निघताना आवळला होता, नागपूर सोडताच लागणाऱ्या वडधामन्याला एकदा हात लावून पाहिला होता आणि त्यानंतर परतवाड्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ दोनशे किलोमीटर, कोणीही वर पाहिले नव्हते.

नवे कॅरिअर निवडताना आम्ही दुकानात जाण्याआधी एक आकडा ठरवला. पुस्तिकेतली मर्यादा गुळगुळीत रस्त्यासाठी समजावी आणि कच्च्या, खडबडीत रस्त्यासाठी तिला दीडने भागावे, असे कॅरिअर बनवणाऱ्या काही नामांकित कंपन्या सांगतात. ७५ भागिले दीड म्हणजे ५० किलो, कॅरिअरसह. आमचे जुने कॅरिअर ठेवले असते, तर सामानासाठी फक्त आठ किलो उरले असते. एक तंबूसुद्धा बसला नसता. या एका भागाकाराने लोखंडाचा पर्याय संपला. ‘किती किलो झेलते’ हा प्रश्न आम्ही नंतर एकाही दुकानदाराला विचारला नाही. ‘याचे स्वतःचे वजन किती’ एवढेच विचारले. आश्चर्य म्हणजे पाचपैकी तीन ठिकाणी ते कोणाला ठाऊक नव्हते, आणि एका ठिकाणी तर कॅरिअर आम्हीच तराजूवर ठेवून पाहिले.

शेवटी सपाट, अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचे, २४ किलोंचे कॅरिअर घेतले. सपाट का, याविषयी गटात बराच वाद झाला. जाळीचे, चहूबाजूंनी कठडा असलेले टोपलीसारखे कॅरिअर रुबाबदार दिसते आणि सामान त्यात ‘राहील’ असे वाटते. माझे मत ठाम आहे की कठडा हा मोहाचा भाग आहे. कठडा दिसला की माणूस वस्तू त्यात टाकतो. सपाट पाट दिसला की वस्तू बांधावीच लागते, आणि सामान धरून ठेवण्याचे काम पट्ट्याचे आहे, कठड्याचे नाही. सपाट कॅरिअरच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना खालून खाच असते, तिच्यात बांधण्याचे कडे हवे तिथे सरकवून घट्ट करता येते, त्यामुळे बांधणीचा पट्टा तिरपा न जाता वस्तूच्या अगदी जवळून खाली उतरतो. पट्ट्याचा कोन जितका उभा, तितकी वस्तू अधिक दाबून बसते.

पकडी पन्हळीच्याच घेतल्या, कारण टपाला भोके पाडणे आम्हाला नको होते. भोकातून पाणी गळते, आणि गाडीत कायमचा बदल केल्यास तो नोंदणी प्रमाणपत्राशी जुळतो का, हा प्रश्न पुढे उभा राहतो. पकडींची संख्या सहावरून आठ केली, म्हणजे प्रत्येक पकडीच्या वाट्याला कमी भार येतो. प्रत्येक पकडीखाली रबराची पट्टी आहे. ती घसरू देत नाही, आणि अॅल्युमिनियम व पोलाद यांचा थेट स्पर्शही टाळते. ओल्या हवामानात या दोन धातूंमध्ये झीज लवकर होते. नट नायलॉनची कडी असलेले आहेत. पाय शक्यतो दारांच्या खांबांच्या वर येतील असे बसवले, कारण टपाचा पत्रा मध्ये लवचीक असतो आणि खांबांवर भक्कम. मागचे दार पूर्ण उघडून कॅरिअरला लागत नाही ना, हे बोल्ट आवळण्याआधी तपासले. एवढी साधी गोष्ट, पण आधीच्या कॅरिअरमुळे आमच्या दाराच्या वरच्या कडेचा रंग वर्षभर खरवडला जात होता.

स्टेपनी खाली आली. मागच्या दाराच्या ब्रॅकेटची दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती, आणि ती दोन वर्षे रखडली होती. डिझेलचा डबा आम्ही पूर्णपणे बंद केला. परतवाड्याला पंप आहे, आमच्या टाकीत मेळघाटच्या दोन दिवसांच्या फेरीला पुरेल इतके इंधन मावते, आणि नागपूर-अमरावतीच्या मे महिन्याच्या उन्हात टपावर तापणारा इंधनाचा डबा फुगतो, झाकणापाशी पाझरतो, आणि गाडी कलंडली तर तोच सर्वांत आधी फुटतो. पाणी वीस लिटरऐवजी दहा लिटर घेतले आणि डबा मागच्या सीटच्या पाठीमागे गाडीच्या तळावर बांधला. पाण्याविषयी आणखी एक गोष्ट: अर्धा भरलेला डबा पूर्ण भरलेल्या डब्यापेक्षा जास्त त्रास देतो, कारण आतले पाणी वळणावर हेलकावे घेते. म्हणून दहा लिटरचा डबाच वेगळा घेतला.

नव्या मांडणीत टपावर तंबू आणि ताडपत्रीचे १३ किलो, अंथरूण-पांघरुणाचे ९ किलो आणि कॅरिअरचे २४ किलो, असे एकूण ४६ किलो असतात. अंथरुणे आधी आत होती. ती वर गेल्याने आत स्टेपनीची अवजारे आणि पाणी यांना जागा झाली. माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातला खरा निर्णय हाच होता: हलके आणि फुगीर वर, जड आणि लहान खाली. हा निर्णय झाला की कॅरिअरची निवड आपोआप सोपी होते. धरमकाट्यावर पाच माणसांसह २,१९० किलो दिसले. त्याच पद्धतीने हिशेब केला, तर टपावरच्या भाराने गुरुत्वमध्य अडीच सेंटिमीटरांनी वर जातो.

बांधणीच्या बाबतीत आम्हाला सर्वांत उपयोगी शिकवण वाडीच्या त्या धरमकाट्यावरच मिळाली. आमचा पट्टा पाहून एक वयस्क ट्रकचालक स्वतःहून जवळ आले. त्यांनी पट्टा सोडला, त्याला एक पीळ दिला आणि पुन्हा लावला. “सपाट राहिला ना सर, की हवेत फडफडते, आवाज करते, अन् रात्रभरात ढिला होते. पीळ दिला की गुपचूप बसते.” सपाट पट्ट्यावरून वाहणारी हवा त्याला कंप देते आणि त्या कंपाने रॅचेट हळूहळू सुटत जाते, पीळ त्या हवेची लय मोडतो. त्यांनीच पुढे धारेखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालायला सांगितले. तो तुकडा आता प्रत्येक कोपऱ्यावर असतो.

पट्ट्याच्या ताकदीविषयी लोक अवास्तव काळजी करतात असे माझे निरीक्षण आहे. माल बांधण्याच्या युरोपीय मानकात पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ०.८ पट, आणि बाजूंना व मागे ०.५ पट जोर गृहीत धरतात. आमच्या २२ किलोंच्या सामानासाठी पुढचा जोर साडेसतरा-अठरा किलो होतो. कोणताही धड पट्टा तेवढा सहज झेलतो. लेबलावर दोन आकडे असतील, तर तुटण्याचा आकडा सोडून काम करण्याच्या मर्यादेचा लहान आकडा पाहावा. खरा धोका घासण्याचा, उन्हाने धागा कुजण्याचा आणि सैल पडण्याचा आहे. तंबूसारख्या मऊ वस्तू पहिल्या तासात दबतात, आणि वस्तू दबली की तिच्यावरचा पट्टा कितीही ताकदीचा असला तरी सैलच. म्हणून आता पहिली तपासणी निघाल्यावर वीसेक किलोमीटरवर, दुसरी अमरावतीला आणि तिसरी घाट चढण्याआधी परतवाड्याला होते. सामान कॅरिअरच्या मधोमध आणि दोन्ही आसांच्या मध्ये येईल असे ठेवतो, दोन पट्टे आडवे आणि एक पुढून मागे घेतो. लवचीक हुकांची रबरी दोरी फक्त ताडपत्रीचे सुटे टोक दाबायला वापरतो, वजन धरायला कधीच नाही.

प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या धातूवर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढलेली आहे. नट फिरला की रेघ तुटते. पाना न काढता, नुसते पाहून, एका मिनिटात आठही पकडी तपासता येतात.

वेगाचा नियमही बदलला. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ८० वरून १२० वर गेले की तो सव्वादोन पट होतो. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० पर्यंत परवानगी असली, तरी कॅरिअर भरलेले असताना आम्ही ८० ओलांडत नाही, आणि घाटात वळणाच्या आधीच वेग उतरवतो, वळणात ब्रेक मारत नाही. सामान गाडीच्या रुंदीबाहेर आणि पुढे-मागे डोकावणार नाही हेही पाहतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९४(१अ) नुसार बाहेर डोकावणाऱ्या भारासाठी वीस हजार रुपये दंड आहे. सामानासह एकूण उंची आम्ही टेपने मोजून काचेच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे: २२८ सेंटिमीटर. नागपुरातले रेल्वेखालचे बोगदे, त्यांच्या आधीचे लोखंडी आडवे खांब आणि सीताबर्डीतल्या इमारतींची तळघरातली पार्किंग यांपैकी कशाखाली शिरायचे आणि कशाखाली नाही, हे त्या आकड्याकडे पाहून ठरते.

पहिली चाचणी रामटेकजवळ खिंडसीच्या परिसरातल्या कच्च्या रस्त्यावर घेतली, आणि फेब्रुवारीत आम्ही पुन्हा मेळघाटात गेलो. परतवाड्याला थांबून वर पाहिले, तेव्हा सात रेघा सरळ होत्या. आठवी, डाव्या मागच्या पायाची, केसभर तुटलेली होती. ही तीच जागा, जिथे पन्हळ वाकली होती आणि मिस्त्रीने ती ठोकून सरळ केली होती. नट पाव फेरा आवळला, परतीच्या वाटेवर अमरावतीला पुन्हा पाहिले, रेघ जागेवर होती. तरी मी त्या जागेवर विश्वास ठेवायला तयार नाही. ठोकून सरळ केलेला पत्रा पहिल्यासारखा राहत नाही, आणि आतला गंज किती खोल आहे हे वरून कळत नाही. पावसाळ्याआधी तेवढा पन्हळीचा तुकडा कापून नवा जोडायचा ठरवले आहे. तोपर्यंत कॅरिअर गाडीवरून उतरवून अंगणातल्या भिंतीला टेकवून ठेवले आहे आणि तंबू आतच जातो.